कळसूबाई: शिड्या आणि घड्याळ

[दृश्य: पहाटेचं बारी गाव. पाठीमागे काळपट डोंगर.]

उंची १६४६ मीटर. महाराष्ट्रात याच्यावर दुसरं शिखर नाही. दुसऱ्या क्रमांकाचा साल्हेर १५६७ मीटरवर थांबतो. तरीही कळसूबाई अवघड चढाईत मोडत नाही. वाट मळलेली आहे, कठीण कातळावर लोखंडी शिड्या आहेत, चुकायला फारशी जागा नाही. माणसं इथे अडकतात ती वेळेच्या हिशेबात.

अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यातलं बारी हे पायथ्याचं गाव. मुंबईहून येणारे कसारा किंवा इगतपुरीला रेल्वेतून उतरतात आणि घोटीमार्गे येतात. घोटी ते बारी रस्ता साधारण पंचवीस किलोमीटर. पुणेकरांना संगमनेर, अकोले, राजूर हा रस्ता सोयीचा. घोटी-राजूर रस्त्यावरची एसटी बारीवरून जाते, पण परतीच्या गाडीची वेळ सकाळीच विचारून ठेवावी. दमलेला माणूस संध्याकाळी ही चौकशी करतो, तोवर गाडी गेलेली असते.

गावापासून शिखरापर्यंत साडेआठशे ते नऊशे मीटर चढायचंय. बऱ्यापैकी चालणारा माणूस तासाला तीनशे मीटर उंची गाठतो, म्हणजे निव्वळ चढाई तीन तासांची. विश्रांती धरून साडेतीन. उतरायला अडीच ते तीन. हा हिशेब मोकळ्या वाटेचा. शनिवार-रविवारी त्यात शिड्यांवरची रांग मिळवावी लागते, आणि ती किती लांब असेल हे आधी कुणालाच सांगता येत नाही.

[दृश्य: भातखाचरांच्या बांधावरून जाणारी वाट.]

सहाच्या सुमारास गाव सोडावं. सुरुवातीची वाट खाचरांच्या कडेने जाते आणि लगेच चढू लागते. खालच्या टप्प्यावर देवीचं एक छोटं देऊळ आहे. ज्यांना वरपर्यंत जमत नाही, ते इथूनच हात जोडतात. अंग अजून गरम झालेलं नसतं, तरी उत्साहात लोक इथेच जोरात निघतात आणि पहिल्या शिडीपाशी धापा टाकत बसतात. चालता चालता एक पूर्ण वाक्य बोलता येईल, एवढाच वेग ठेवावा.

सह्याद्रीचा कातळ लाव्हारसाच्या थरांचा. कठीण थर उभा राहतो, मऊ थर झिजून उतरता होतो. म्हणून ही चढण पायऱ्यापायऱ्यांची आहे: खडा कडा, मग थोडं पठार, पुन्हा कडा. कडा आला की शिडी आलीच.

[दृश्य: शिडी. वर चढणारे पाय, कठड्यावरचे हात.]

शिडीपाशी पोहोचण्याआधी हात मोकळे करा. काठी दुमडून पिशवीत, मोबाईल खिशात, पाण्याची बाटली आत. पुढच्या माणसात आणि आपल्यात चार-पाच पायऱ्यांचं अंतर हवं, कारण तो घसरला तर थेट आपल्यावर येतो. मधेच थांबून फोटो काढणाऱ्यामुळे मागचे तीस जण लटकत राहतात, तेव्हा फोटो वर पोहोचल्यावर. पावसाळ्यात पायऱ्यांवर चिखल साचतो, ओलं लोखंड निसरडं होतं. पायऱ्यांकडे तोंड करून, दोन्ही कठडे धरून उतरावं. पाठ टेकवून बसत बसत उतरण्यापेक्षा हे केव्हाही सुरक्षित.

रांग लांबली की काही जण शिडीशेजारच्या कातळावरून वाट काढू पाहतात. तिथे घसारा, म्हणजे सुट्या दगडमातीचा उतार असतो. सुटलेला दगड खालच्या गर्दीत जातो. रांगेत उभं राहावं, दुसरा उपाय नाही.

आणखी एक धोका लोकांच्या लक्षात येत नाही. एप्रिल-मे आणि ऑक्टोबरमध्ये दुपारनंतर वळवाचे ढग झपाट्याने चढतात. उघडं शिखर आणि लोखंडी शिड्या, दोन्ही विजेच्या वेळी नकोत. पहिला गडगडाट ऐकला की माथा सोडायचा. कडकडाट सुरू झालाच, तर शिडीपासून दूर, खोलगट जागी, पिशवीवर उकिडवं बसायचं.

[दृश्य: वरचं पठार, पिवळी सोनकी, विहीर.]

श्रावण-भाद्रपदात वरची पठारं सोनकीच्या रानफुलांनी पिवळी होतात. शेवटच्या टप्प्याच्या आधी एक विहीर लागते. तिच्या भरवशावर येऊ नये. माणशी तीन लिटर पाणी गावातूनच न्यावं, उन्हाळ्यात चार. सोबत ओआरएसची पुडी, गूळ-शेंगदाणे, दशम्या. वाटेवरच्या झोपड्यांत सरबत, ताक, भजी मिळतात; घ्या जरूर, पण रिकामी बाटली परत खाली आणा.

[दृश्य: शिखर. शेंदरी देऊळ, वारा.]

माथ्यावर देवीचं लहानसं देऊळ. कळसू ही कोळ्यांची पोर, असं कथा सांगते. इंदोरे गावात ती एका घरी कामाला राहिली. अट एकच, भांडी घासणार नाही, केर काढणार नाही. एकदा दोन्ही कामं सांगितली गेली. तिने ती केली, डोंगर चढली आणि परत उतरली नाही. नवरात्रात इथे भाविकांची मोठी गर्दी होते. शांतपणे डोंगर पाहायचा असेल, तर ते नऊ दिवस टाळावेत.

हवा स्वच्छ असेल तर पश्चिमेला अलंग, मदन आणि कुलंग हे किल्ले ओळीने दिसतात. दक्षिणेला प्रवरेवरचा भंडारदऱ्याचा जलाशय, त्याच्या पलीकडे रतनगड, आणखी मागे हरिश्चंद्रगड. ईशान्येला पट्टा किल्ला. उत्तरेकडे नजर लांबवली तर त्र्यंबकची रांग. गावापेक्षा इथे पाचेक अंश गारवा असतो, त्यात वारा. घामेजलेला सदरा बदलून वाराबंद जाकीट घालायला आळस करू नये. थंडी वाजायला दहा मिनिटं पुरतात.

अकराच्या आत माथा सोडा. उतरण्याआधी बुटांच्या नाड्या घट्ट आवळा, नाहीतर बोटं पुढे आपटून नखं काळी पडतात. पावलं छोटी, गुडघा किंचित वाकलेला. मुरगळलेले पाय बहुतेक उतरतानाचे, तेही शेवटच्या तासाभरात, गाव दिसू लागल्यावर घाई झाली की. आणि पाय मोडलेल्या माणसाला याच शिड्यांवरून चार जणांनी खाली आणावं लागतं, त्यात अख्खी दुपार जाते.

इंदोऱ्याकडूनही एक वाट चढते. ती जास्त खडी, माणसं कमी. एका बाजूने चढून दुसरीकडे उतरायचा बेत असेल, तर गाडी कुठे उभी करणार ते निघण्याआधी ठरवा. दोन गावं डोंगराच्या दोन अंगांना आहेत, आणि रस्त्याने बराच वळसा पडतो.