एका लेदरचे दोन

ही झेनिया, खाऱ्या पाण्याच्या या टाकीतला एक मऊ प्रवाळ. एकेका तोंडाभोवती आठ बाहू, मुठीसारखे उघडतात, मिटतात. दिवसा आणि रात्रीही. हिच्याच कुळातल्या, तांबड्या समुद्रातल्या एका प्रवाळावरचा अभ्यास इस्रायली शास्त्रज्ञांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केला. या उघडझापीने अंगातल्या शैवालांनी सोडलेला जादा ऑक्सिजन दूर सारला जातो आणि त्यांचं प्रकाशसंश्लेषण वाढतं.

शेजारी लेदर, म्हणजे सार्कोफायटन, छत्रीसारखी टोपी असलेला दुसरा मऊ प्रवाळ. सध्या मिटलाय, अंगावर मेणचट पापुद्रा. नवखा माणूस मेला समजून फेकून देतो. फेकू नका, तो कात टाकतोय! पंप त्याच्याकडे वळवला, आणि बघा, पापुद्रा सुटून चालला.

दुसरा लेदर हवा असेल, तर समुद्रातून तोडून आणलेला कशाला? हातमोजे, चष्मा, नवं ब्लेड. कापायचं टाकीचंच पाणी घेतलेल्या वेगळ्या भांड्यात, कारण सुटणारा स्राव बाकीच्या प्रवाळांना बाधतो. याला दगडी सांगाडा नाही, मांसात चुन्याचे बारीक काटे विखुरलेले असतात. म्हणून टोपीची कड अशी सरळ कापली जाते. तुकडा बुळबुळीत, त्याला सुपरग्लू धरत नाही. मग टूथपिक आरपार घालायची आणि तिची दोन्ही टोकं रबरबँडने दगडाच्या तुकड्याला बांधायची. आवळून नाही, नाहीतर मांस चिरतं. मंद प्रवाहात काही आठवड्यांत तो स्वतःच दगड धरतो.

आता खडकाच्या पोटाखाली. सेंटीमीटरभराचे, पांढुरके, टोकाला केसाळ: हे सायकॉन स्पंज. कुणी आणले नाहीत, खडकाबरोबर आले. १९०७ मध्ये अमेरिकी प्राणिशास्त्रज्ञ एच. व्ही. विल्सन यांनी एक स्पंज रेशमी कापडातून पिळून पेशी सुट्या केल्या, आणि त्या पुन्हा एकत्र येऊन स्पंज झाला. एवढा चिवट जीव. तरी पाण्याबाहेर काढला की अंगातल्या नळ्यांत हवा अडकते आणि तेवढा भाग कुजतो. जागा बदलायची तर पाण्यातल्या पाण्यात, पिशवीतून. दुकानातले भडक केशरी स्पंज मात्र घेऊच नयेत. स्वच्छ टाकीत त्यांना लागणारे सूक्ष्म कण पुरत नाहीत, ते हळूहळू उपाशी मरतात.

दगडी प्रवाळ आणि समुद्रपंखे वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतात, मालवणच्या समुद्रातूनही काही उचलायचं नाही. टाकीतलं काही समुद्रात सोडायचंही नाही: मत्स्यालयांच्या व्यापारातून आलेला मानला जाणारा युनोमिया हा मऊ प्रवाळ व्हेनेझुएलाच्या मोचिमा किनाऱ्यावर पसरला आणि तिथले मूळचे प्रवाळ झाकत गेला. प्रवाळ कापलेल्या भांड्यातलं पाणीही ब्लीच घालून मगच मोरीत.