ड्रेस्डेनचे रिश्टर

[दृश्य : एल्ब नदीचा काठ, ड्रेस्डेन]

भूकंपाची बातमी आली की ‘रिश्टर’ हे नाव कानावर पडतं. ते अमेरिकेतले भूकंपशास्त्रज्ञ चार्ल्स रिश्टर. आडनाव मात्र जर्मन, अर्थ न्यायाधीश. पूर्वेकडच्या जर्मन खेड्यांत गावचा प्रमुखच तंटे सोडवायचा, म्हणून तो रिश्टर; जवळजवळ आपला पाटीलच. साहजिकच ड्रेस्डेन ज्या प्रांतात आहे त्या सॅक्सनीत रिश्टर पायलीला पन्नास. ड्रेस्डेनच्या रिश्टर चित्रकारांमध्ये उगाच भाऊबंदकी शोधू नये.

[दृश्य : लाकडी ठोकळा, जवळून]

लुडविग रिश्टर, जन्म 1803. वडील तांब्यावर कोरीवकाम करणारे. लुडविग निसर्गचित्रंही रंगवायचे, पण घरोघरी पोहोचले ते पुस्तकांतल्या लाकडी ठशांमुळे.

ठोकळा बॉक्सवूडचा, खोडाच्या आडव्या कापातून काढलेला. उभ्या कापात कोरणी रेशांबरोबर वाहवत जाते; आडव्यात ती कुठल्याही दिशेला सारखीच चालते. या झाडाचं खोड बारीक, त्यामुळे मोठ्या चित्रासाठी तुकडे जोडावे लागत. जोड सैल पडला की छापात पांढरी रेघ उमटलीच. ठोकळ्याची उंची छपाईच्या खिळ्यांइतकी, म्हणजे धातूच्या अक्षरांइतकी, सुमारे साडेतेवीस मिलिमीटर. म्हणून मजकूर आणि चित्र एकाच दाबात छापता येई.

पृष्ठभागावर पांढऱ्या रंगाचा पातळ हात, त्यावर उलटं रेखाटन. इथे रिश्टरांचं काम संपे आणि कोरक्याचं सुरू होई. तो रेघ कोरत नाही. रेघेच्या दोन्ही बाजूंचं लाकूड काढतो. रिश्टरांनी सहज मारलेल्या दोन आडव्या-तिडव्या रेघा म्हणजे कोरक्याला मधला प्रत्येक बारीक चौकोन टिपून काढणं आलं. कोरणी निसटली तर लाकूड परत चिकटत नाही. तिथे भोक पाडायचं, त्याच लाकडाची खुंटी ठोकायची, सपाट करायची आणि पुन्हा कोरायचं. आउगुस्ट गाबर यांच्यासारखा कोरक्या लाभला, हे रिश्टरांचं भाग्य. गाबर पुढे त्यांचे जावईही झाले.

[दृश्य : कलाअकादमीची इमारत]

याच शहरात 1932 साली गेरहार्ड रिश्टर जन्मले. इथल्याच अकादमीत शिकले आणि 1961 मध्ये पश्चिम जर्मनीत निघून गेले. त्यांच्या अमूर्त चित्रांचं हत्यार म्हणजे स्क्वीजी : पारदर्शक प्लास्टिकची लांब पट्टी आणि तिला लाकडी मूठ. कडेला तैलरंग लावून ती कॅनव्हासवरून ओढायची. खालचा थर फार ओला असेल तर सगळ्याचा चिखल होतो. पूर्ण वाळला असेल तर नवा रंग नुसता वरून घसरतो. मधली वेळ साधली तरच खालचे रंग फाटून वर येतात. नेमके कुठे, ते पट्टी ठरवते.

[दृश्य : कोलोन कॅथेड्रल, दक्षिणेची खिडकी]

गेरहार्ड यांची 2007 ची ही खिडकी योगायोगावर सोपवण्यात त्याच्याही पुढची. 72 रंगांच्या काचांचे 11,263 चौकोन, प्रत्येक साधारण 10 सेंटीमीटरचा. रंग निवडले रिश्टरांनी. त्यांच्या जागा संगणकाने चिठ्ठ्या टाकल्यासारख्या ठरवल्या. तेही अर्ध्याच खिडकीपुरत्या. उरलेली अर्धी आरशातल्या प्रतिबिंबासारखी उलटी मांडली. जुन्या खिडक्यांत तुकडे शिशाच्या पट्ट्यांनी जोडलेले असतात. इथे तसं केलं असतं तर चौकोनाचौकोनाभोवती जाड काळी रेघ आली असती. म्हणून ते मागच्या काचेवर सिलिकॉनने चिकटवले आहेत.

कोलोनचे तेव्हाचे आर्चबिशप कार्डिनल माइस्नर यांना ती रुचली नाही. मशिदीत जास्त शोभली असती, असं ते म्हणाले. रिश्टरांनी या कामाचं मानधन घेतलं नव्हतं.