एमआरआयच्या आधी पाय उचला

(दृश्य: पहाटेचा गोव्यातला मोरजी किनारा. रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मासेमारीचं मोठं जाळं, ओढणारी माणसं, मागे रेललेल्या पाठी.)

रापण ओढताना सगळा जोर कमरेवर येतो. कुळागरात सुपारीची पोती वाहणाऱ्याचं तसंच, आणि दिवसभर मोटरसायकलवर भाडी मारणारा पायलटही काही सुटत नाही. मग एक दिवस कमरेतली कळ मांडीमागून पोटरीत आणि तिथून पावलात उतरते. लोक म्हणतात, गादी सरकली, म्हणजे दोन मणक्यांमधली मऊ चकती. नाहीतर, मणक्यात गॅप आलाय. गॅप येत नाही हो. गादी झिजली की उलट दोन मणक्यांमधलं अंतर कमी होतं! दोष सगळा ओझ्याचाही नाही. फिनलंडमधल्या एकसारख्या जुळ्या भावांच्या तपासणीत गादीच्या झिजेमागे कष्टांपेक्षा घराण्याचा वाटा मोठा निघाला.

(दृश्य: तपासणीचं टेबल. रुग्ण उताणा.)

निदान इथे सुरू होतं. गुडघा सरळ ठेवून, टाचेखाली हात घालून पाय हळूहळू उचलायचा. साधारण ३० ते ७० अंशांच्या दरम्यान गुडघ्याखाली कळ गेली, तर नस दबल्याची शंका घ्यायची. नुसती मांडीमागची शीर ताणली, तर ते धरायचं नाही. चूक होते ती इथेच: रुग्ण नकळत गुडघा वाकवतो किंवा कंबर उचलतो, आणि अंश चुकतात. शस्त्रक्रियेपर्यंत पोचलेल्या रुग्णांवरच्या अभ्यासांत ही चाचणी गादी सरकलेल्या १०० पैकी ९२ जणांना पकडते, पण गादी न सरकलेल्या १०० पैकी ७२ जणांनाही दोषी ठरवते. चांगला पाय उचलल्यावर दुखऱ्या पायात कळ आली, तर ती खूण क्वचित मिळते, पण मिळाली की भरवशाची.

पुढे अंगठा. तो वर ओढताना कमजोर पडला, टाचांवर चालता आलं नाही, तर संशय बहुधा कमरेच्या पाचव्या नसेकडे, म्हणजे चौथ्या-पाचव्या मणक्यांमधल्या गादीकडे जातं. एका पायाच्या चवड्यावर उभं राहून टाच उचलता आली नाही आणि टाचेमागे हातोडी मारल्यावर येणारा घोट्याचा झटका गेला, तर त्याखालची गादी. मणके मोजताना मात्र जपून. काहींचा कमरेचा शेवटचा मणका माकडहाडाच्या वरच्या हाडाला जुळलेला असतो. मोजणी एका मणक्याने चुकली की शस्त्रक्रिया भलत्याच गादीवर होते.

(दृश्य: एमआरआयच्या पडद्यावर राखाडी, काळ्या गाद्या.)

आता फिल्म. १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या अभ्यासात कंबरदुखी नसलेल्या ९८ जणांचे एमआरआय काढले. वाचणाऱ्यांना कळू नये म्हणून त्यांत कंबरदुखीच्या २७ रुग्णांच्या फिल्म मिसळल्या होत्या. त्या ठणठणीत माणसांपैकी ५२ टक्क्यांची किमान एक गादी फुगलेली निघाली! म्हणून अहवालातली फुगलेली गादी ही पायातल्या कळेशी बाजू आणि पातळी, दोन्ही जुळवूनच मोजायची. जुळत नसेल, तर तो निव्वळ वयाचा पुरावा.

उपचारांच्या संशोधनात अडचण निराळी. कोणाला शस्त्रक्रिया द्यायची हे चिठ्ठी काढून ठरतं, पण माणूस चिठ्ठी मानत नाही. अमेरिकेतल्या ५०१ रुग्णांच्या चाचणीत, तीन महिन्यांत शस्त्रक्रियेच्या गटातल्या निम्म्यांनीच ती करून घेतली, आणि औषध-व्यायामाच्या गटातल्या ३० टक्क्यांनी. मूळ गटांनुसार हिशेब केला की फरक पातळ होतो. प्रत्यक्ष उपचारानुसार केला की चिठ्ठीचाच अर्थ जातो.

नेदरलँड्समधली २००७ची चाचणी त्या मानाने स्वच्छ. सहा ते बारा आठवडे असह्य कळ सोसलेले २८३ रुग्ण. लवकर शस्त्रक्रिया झालेले निम्मे रुग्ण चार आठवड्यांत बरे झाले, थांबलेल्यांना साधारण बारा लागले. वर्षअखेरीस दोन्हीकडे ९५ टक्के बरे. थांबलेल्यांपैकी ३९ टक्क्यांनी मध्येच शस्त्रक्रिया करून घेतली, हे सोबत सांगायलाच हवं. आमच्या मते, वेदना किती सोसवते आणि रजा किती मिळते, यावर हा निर्णय रुग्णाने घ्यावा.

(दृश्य: रात्र. बांबोळीला गोमेकॉचं, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयाचं फाटक.)

एका बाबतीत निवड नाही. लघवी अडली, बसताना जमिनीला टेकते ती जागा बधिर झाली, दोन्ही पाय लुळे पडू लागले, तर सकाळची वाट पाहायची नाही. लघवी केल्यानंतरही मूत्राशयात २०० मिलिलिटरहून जास्त उरली, तर संशय बळावतो, आणि एमआरआय त्याच रात्री व्हायला हवा.