बियाण्याची थैली निवडतं कोण?

मंडळी, बीटी कपाशी म्हणजे बोंडअळीला मारणारं प्रथिन झाडातच तयार करणारी कपाशी; तिच्या बियाण्याची थैली ४७५ ग्रॅमची. बोलगार्ड-२ ची, म्हणजे या तंत्रज्ञानाच्या दुसऱ्या पिढीच्या थैलीची, कमाल किंमत २०१६ पासून केंद्र सरकार ठरवतं. २०२५ च्या हंगामात ती ९०१ रुपये होती. कंपनी कोणतीही घ्या, आतलं बीटी तंत्रज्ञान तेच. तरी मे-जूनमध्ये एकाच वाणासाठी कृषी केंद्रापुढे झुंबड उडते, लोक जादा पैसे मोजतात आणि बाकीच्या थैल्या फळीवरच राहतात. भाव नाही, तंत्रज्ञान नाही, मग निवड ठरते कशानं?

धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून पाहून! पलीकडच्या वावरातली पऱ्हाटी बोंडांनी लदलेली दिसली की पहिला प्रश्न, "कोणती थैली?" दिवाळीला सोयरे जमले की तेच नाव चार गावं फिरतं. जमीन किती खोल, ओलीत होतं का, फवारे किती मारले, हे कोणी विचारत नाही. मग भारी काळ्या जमिनीत पाण्यावर पिकलेला लांब मुदतीचा वाण मुरमाड कोरडवाहू वावरात जातो, पाऊस ऑक्टोबरात निघून जातो आणि वरची बोंडं भरतच नाहीत. हलक्या जमिनीला दीडशे-एकशेसाठ दिवसांचाच वाण हवा.

आता मला सलणारी गोष्ट. पूर्वी थैलीसोबत १२० ग्रॅमचं बिगर-बीटी पाकीट यायचं. ते वावराच्या चारी कडांनी लावायचं होतं. त्यावर वाढलेले पतंग बीटी पचवलेल्या पतंगांशी जुळले की पुढची अळी बीटीनं मरायला हवी, असा हिशेब. पण किती पाकिटं धुऱ्यावरच फेकली गेली! कारण सरळ आहे. नुकसान माझ्या कडेच्या ओळींचं, फायदा अख्ख्या शिवाराचा, आणि गावात दुसरं कोणी लावत नाही. त्यात फरदड, म्हणजे वेचणी झाल्यावरही पाणी देऊन राखलेली कपाशी, फेब्रुवारी-मार्चपर्यंत उभी, म्हणजे अळीला बारमाही जेवण. २०१७ साली गुलाबी बोंडअळीनं विदर्भातली कपाशी कशी पोखरली ते तुम्हाला सांगायला नको. पुढे ते बिगर-बीटी बी थैलीतच मिसळून देऊ लागले, कारण वेगळं लावायची रीत गावात रुजलीच नव्हती.

वेळ संपत आली, म्हणून मूळ विषय, माणूस खरेदी कशावरून ठरवतो तो, भराभर सांगतो. वस्तूबद्दलचं आपलं मत एक, 'चार लोक काय म्हणतील' हे दुसरं. खरेदी दोन्हींच्या ओढीनं होते. अमेरिकेत आयोवातल्या संकरित मक्यावर रायन आणि ग्रॉस यांनी १९४३ साली अभ्यास मांडला. बियाण्याची माहिती बहुतेकांना आधी विक्रेत्याकडून मिळाली होती, पण पटली शेजाऱ्याचं पाहून. आपल्याकडे त्यात उधारीची भर. जो दुकानदार उधार देतो, त्याच्याच फळीवरची थैली घरी येते. आणि संस्कृती म्हणाल तर थैली आणायला पुरुष जातो, कापूस वेचते बाई. कोणतं बोंड नीट फुटतं, कशाला पाल्याचा कचरा चिकटतो, हे तिला ठाऊक. पण दुकानात जाताना तिला विचारतो कोण?

एवढं तरी करा. दोन वाण, एकच वावर, पेरणी एकाच दिवशी. दहा-दहा ओळी आलटून-पालटून लावा, खत-फवारणी सारखीच ठेवा. कडेच्या दोन ओळी मोजू नका. दर वेचणीचा कापूस वेगळ्या गाठोड्यात बांधून काट्यावर तोला आणि वजन वहीत मांडा. बिल आणि रिकामी थैली हंगाम संपेपर्यंत जपून ठेवा; बी उगवलं नाही तर तक्रारीला लॉट नंबर लागतो. पुढच्या खरेदीला ती वही घेऊन जा, आणि वेचणारीलाही सोबत न्या.