जोत्याखालचा वायू

(दृश्य: कौलांवरून गळणाऱ्या पागोळ्या. मागे लावून घेतलेली खिडकी.)

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्याचा पश्चिम भाग. मलप्रभा इथंच, कणकुंबीला उगम पावते. जूनमध्ये पाऊस लागला की गणपतीपर्यंत धड उघडीप नसते. दारं-खिडक्या बंद, चुलीच्या कडेला ओली लाकडं वाळत घातलेली, आणि घरातली सगळी माणसं त्याच ऊबेला बसलेली.

माझी काकू याच भागात राहते. तिचं जुनं घर मातीच्या भिंतींचं. वर खानापुरी कौलं, खाली शेणानं सारवलेली जमीन. सोपा, माजघर, मागं न्हाणी. कौलांच्या फटींतून धूर बाहेर जायचा, वारा आत यायचा. २०१९ च्या ऑगस्टमधल्या पावसात मागची भिंत खचली. आता सरकारी अनुदानातून नवं घर होतंय: एक खोली, एक स्वयंपाकघर, वर स्लॅब. जोत्याची खणती झाली आहे. पुढच्या आठवड्यात भराव पडेल.

भराव पडायच्या आधी मला काकूला रेडॉन नावाच्या वायूबद्दल सांगायचं आहे.

(दृश्य: खणलेला चर. मुरूम, दगड, ओली माती.)

आपल्या पायाखालच्या दगडामातीत युरेनियम अगदी थोडं का होईना, सगळीकडे असतं. अब्जावधी वर्षं त्याचे अणू आपोआप फुटत राहतात. त्यातून रेडियम होतं आणि रेडियमपासून रेडॉन. रेडियम दगडात अडकून राहतं. रेडॉन मात्र वायू आहे. त्याला रंग नाही, वास नाही, चव नाही. मातीच्या कणांमधून वाट काढत तो वर येतो. रानात वर आला तर वाऱ्यात विरून जातो. वर घर असेल तर घरात शिरतो. कोब्याच्या भेगेतून, भिंत आणि जमीन मिळते त्या सांध्यातून, मोरीच्या पाइपाभोवतीच्या फटीतून.

आणि घर त्याला ओढूनही घेतं. चूल पेटली की आतली हवा तापून वर जाते, तिची जागा भरायला खालून हवा येते. त्यात पावसाळा. अंगणातली माती पाण्यानं भरली की तिची छिद्रं बुजतात. कोरडी माती उरते ती फक्त घराखाली, आणि वायूला तीच वाट मोकळी असते. नेमक्या याच दिवसांत आपण खिडक्या लावून बसतो.

"पाऊस लागल्यावर खिडकी कोण उघडी ठेवतंय?" काकू विचारते. तिचं बरोबर आहे. झड आत येते, अंथरूण भिजतं.

(दृश्य: चुलीचा धूर. कवडशात तरंगणारे धुळीचे कण.)

रेडॉनचं अर्धं प्रमाण ३.८ दिवसांत सरतं, पण तो नाहीसा होत नाही. त्यातून पोलोनियमसारखी मूलद्रव्यं तयार होतात. ती धुळीला, धुराला चिकटतात, श्वासाबरोबर फुप्फुसात जातात आणि तिथं अल्फा कण, म्हणजे किरणोत्सर्गाचे जड कण, सोडतात. फुप्फुसाच्या पेशींना इजा होते ती यांच्यामुळं. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेनं १९८८ मध्येच रेडॉनला माणसात कर्करोग करणाऱ्या घटकांमध्ये धरलं. फुप्फुसाच्या कर्करोगाचं तंबाखूखालोखालचं मोठं कारण तो आहे.

तंबाखूचं नाव आलं की आपल्या भागाला निपाणी आठवते. तिथल्या शेतात पिकलेली, बायकांनी घरी बसून वळलेली विडी आपल्याच माणसांच्या ओठांत असते. जागतिक आरोग्य संघटना सांगते, की धूम्रपान करणाऱ्याला रेडॉनमुळं होणाऱ्या कर्करोगाचा धोका न करणाऱ्याच्या सुमारे २५ पट असतो. आजोबा बंद खोलीत, गोधडीत बसून विडी ओढायचे, तेव्हा हे आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं.

(दृश्य: चिकोडीची काळी शिवारं. मग बैलहोंगलकडचे खडक.)

निपाणी, चिकोडी, अथणीकडं काळा बेसाल्ट. त्यात युरेनियम कमी. बैलहोंगलच्या बाजूला देशनूरच्या वालुकाश्मात तर अणुखनिज संचालनालयाला युरेनियम सापडलं आहे. पण म्हणून देशनूरच्या प्रत्येक घरात धोका, आणि चिकोडीत सगळं सुरक्षित, असा हिशेब मांडता येत नाही. शेजारशेजारच्या दोन घरांतही आकडे वेगळे येतात. अमेरिकेत पेनसिल्वेनियातल्या एका अणुवीज केंद्रात १९८४ मध्ये एक कर्मचारी कामावर आला की किरणोत्सर्ग ओळखणारी घंटा वाजू लागली. केंद्राची वीजनिर्मिती अजून सुरू व्हायची होती. शोध घेतला तेव्हा कळलं, की किरणोत्सर्ग तो स्वतःच्या घरातून घेऊन येत होता.

म्हणून मोजायचं. एका डबीत खास फिल्म असते. ती तीन महिने खोलीत टांगायची, मग प्रयोगशाळेत तिच्यावरचे ओरखडे मोजतात. सेकंदाला एक अणू फुटला, की एक बेकरेल; एक घनमीटर हवेत असे किती बेकरेल आहेत, ते पाहायचं. शक्यतो १०० च्या आत, आणि तेवढं जमत नसेल तर ३०० च्या वर नको, ही आरोग्य संघटनेची मर्यादा.

बांधून झालेल्या घरात जमिनीखालून पाइप घालून पंख्यानं वायू बाहेर काढता येतो. श्रीमंत देशांतही हा खर्च गरिबाला पेलत नाही, आणि भाडेकरूला तर दुसऱ्याच्या घराची जमीन फोडताच येत नाही. जोत्याच्या वेळी मात्र तेच काम स्वस्तात होतं. भरावावर चार इंच धुतलेली खडी. त्या खडीतून निघून स्लॅबच्या वर जाणारा एक पीव्हीसी पाइप. खडीवर जाड प्लॅस्टिकचा कागद, जोड नीट चिकटवलेले, आणि त्यावर कोबा. कागदामुळं ओलही वर चढत नाही, हे काकूला सगळ्यात आधी पटलं.

माझं ठाम मत आहे, की अनुदानाच्या घराच्या नकाशात हे पहिल्यापासून असायला हवं. हप्ते मोजून मिळणाऱ्या पैशांत घर बांधणाऱ्या बाईनं खडी आणि पाइपासाठी वेगळं कर्ज काढावं, ही अपेक्षा अन्यायाची आहे.

राहिली खिडकी. चुलीचा धूर रेडॉनपेक्षा मोठा शत्रू आहे, पण दोघांनाही बाहेर काढते ती समोरासमोरची हवा. नकाशात मागच्या भिंतीला खिडकीच नव्हती.

(दृश्य: भिंत कमरेइतकी आली आहे. गवंडी ओळंबा धरून उभा.)

"हिथं सोडू काय?" गवंडी विचारतो.

"सोड," काकू म्हणते. "आणि वर छज्जा काढ. झड येऊ नये."

तो विटकरीनं दोन खुणा करतो आणि त्यांच्यामधली जागा मोकळी ठेवून पुढची वीट लावतो.