बाष्पनशील तेलांचा स्वभाव

श्रोतेहो, 'इसेन्शियल ऑइल' या नावातील पहिल्या शब्दाचा अर्थ पुष्कळजण 'अत्यावश्यक' असा घेतात. प्रत्यक्षात तो 'इसेन्स' म्हणजे अर्क या शब्दावरून आला आहे. मराठीतील 'बाष्पनशील तेल' हे नाव मला अधिक नेमके वाटते, कारण उडून जाणे हाच या तेलांचा मूळ स्वभाव आहे. एका कागदावर तिळाच्या तेलाचा आणि लव्हेंडरच्या तेलाचा असे दोन थेंब शेजारी शेजारी टाकून ठेवले, तर काही काळाने पहिल्या जागी तेलकट डाग तसाच राहतो, दुसऱ्या जागी मात्र जवळजवळ काहीच उरत नाही. तिळाचे तेल हा मेद आहे. लव्हेंडरचे तेल म्हणजे टर्पीन, अर्थात वनस्पतींत तयार होणारी सुगंधी द्रव्ये, आणि तत्सम लहान रेणूंचे मिश्रण.

या रेणूंपैकी बऱ्याच जणांचा उत्कलनबिंदू 150 ते 250 अंश सेल्सिअसच्या दरम्यान असतो, तरीही वाफेच्या ऊर्ध्वपातनात, म्हणजे वनस्पतीतून पाण्याची वाफ सोडून ती पुन्हा थंड करण्याच्या पद्धतीत, ते 100 अंशांच्या आतच वनस्पतीतून बाहेर पडतात. पाणी आणि तेल एकमेकांत मिसळत नसल्यामुळे दोघांच्या बाष्पदाबांची, म्हणजे त्यांच्या वाफेच्या दाबांची, बेरीज होते, ती हवेच्या दाबाइतकी झाली की उकळी फुटते, आणि नाजूक सुगंध करपण्यापासून वाचतो. ही युक्ती मला आजही विलक्षण सुंदर वाटते. लिंबूवर्गीय फळांना तीही लागत नाही, त्यांची साल नुसती दाबून तेल काढतात. संत्र्याची साल ज्योतीजवळ मुरडली की जे तडतडत पेट घेते, ते हेच. उलट एक किलो गुलाबतेलासाठी सुमारे 3 ते 4 हजार किलो फुले लागतात.

सर्वाधिक वापर अर्थातच अत्तरे, साबण आणि खाद्यपदार्थांच्या स्वादासाठी होतो. लवंगतेलातील युजेनॉल झिंक ऑक्साइडमध्ये कालवून दंतवैद्य दातात तात्पुरते भरतात. सुगंधाने अनेकांना शांत वाटते हे खरे. पण एखादे तेल हुंगल्याने मोठा आजार बरा होतो, या दाव्याला आधार नाही, आणि तसे सांगून कुणाचे औषध थांबवणे हा मी अपराध मानतो.

आंघोळीच्या पाण्यात थेट थेंब टाकण्याची पद्धत तर सोडायलाच हवी. तेल पाण्यात विरघळत नाही, वर तरंगते आणि आहे तसे तीव्र अंगाला लागते. त्वचेवर लावायचे असेल, तर 30 मिलिलिटर साध्या तेलात 6 ते 12 थेंब, म्हणजे सुमारे एक ते दोन टक्के, पुरेसे होतात. बर्गमॉट या लिंबूवर्गीय फळाचे दाबून काढलेले तेल लावून उन्हात गेल्यास त्वचा भाजल्यासारखी होते. निलगिरीचे किंवा कापराचे तेल लहान मुलाच्या पोटात थोडे जरी गेले तरी झटके येऊ शकतात. अशा वेळी उलटी करवू नये, तत्काळ रुग्णालय गाठावे.

बाटली गडद काचेची, घट्ट झाकणाची आणि मुलांच्या हाती न लागेल अशी ठेवावी. संत्र्याच्या तेलातील मुख्य घटक असलेल्या लिमोनीनला हवा लागली की त्याचे ऑक्सिडीकरण होते आणि त्यातून त्वचेला ॲलर्जी आणणारी द्रव्ये तयार होतात, म्हणून वास बदललेले संत्र्याचे तेल अंगाला लावू नये.