शरदातलं अस्वल आणि आपली वाट

श्रोतेहो, नमस्कार.

उत्तर अमेरिकेतल्या थंड मुलखात शरद लागला की अस्वलाला एकच काम उरतं, खाण्याचं. पुढचे कित्येक महिने गुहेत अन्नपाण्यावाचून काढायचे असतात आणि त्यासाठी लागणारी चरबी आत्ताच अंगावर चढवावी लागते. या दिवसांत मोठं अस्वल दिवसाला २०,००० कॅलरींपर्यंत खातं आणि वीसेक तास त्याचं तोंड चालू राहतं. फळांनी लगडलेल्या झुडपात त्याचं डोकं खुपसलेलं असतं, शेजारी ओढा खळाळत असतो, आणि जंगलात फिरायला गेलेले तुम्ही पंधरा पावलांवर येऊन पोचलात तरी त्याला पत्ता नसतो. मग ते दचकतं. तपकिरी अस्वलाचे, म्हणजे ग्रिझलीचे, बरेचसे हल्ले असे दचकण्यातून होतात.

तेव्हा आपण येतोय हे त्याला आधी कळू द्या. मोठ्यानं बोला, टाळ्या वाजवा. पिशवीला बांधायच्या घुंगरांवर भरवसा ठेवू नका. त्यांची किणकिण फार लांब जात नाही. माणसाचा आवाज अस्वल बरोबर ओळखतं. वळणावर, दाट झाडीत, वाहत्या पाण्याजवळ आणि वारा समोरून येत असेल तेव्हा आवाज आणखी चढवा, कारण वारा समोरून असला की तुमचा वास त्याच्यापर्यंत पोचत नाही. तिघाचौघांनी मिळून, एकमेकांच्या जवळ राहून चाला. पहाटे आणि तिन्हीसांजेला जंगलात शिरणं टाळा. वाटेत फळांच्या बियांनी भरलेली ओली विष्ठा दिसली, तर अस्वल जवळपास असू शकतं. एकाच जागेवर डोमकावळे घिरट्या घालताना दिसले, तर तिथे मेलेलं जनावर असू शकतं आणि अस्वल त्याची राखण करत बसलेलं असू शकतं. दोन्ही वेळा आल्या वाटेनं परत फिरा.

अस्वलासाठीचा मिरचीचा फवारा जवळ हवाच. पण पाठपिशवीच्या तळाशी पडलेला फवारा असून नसल्यासारखा. तो कमरेच्या पट्ट्याला किंवा छातीवर, हाताला लगेच लागेल असा अडकवा. घेताना पाहा, डब्यावर ‘अस्वलासाठी’ असं स्पष्ट लिहिलेलं असावं, निदान २२५ ग्रॅमचा असावा आणि वापराची मुदत उलटलेली नसावी. माणसांसाठीचे छोटे डबे इथे कामाचे नाहीत. घरी सराव करा: डबा ओढून काढायचा, अंगठा सुरक्षा-क्लिपच्या टोकामागे घालून ती मागे खेचायची, दुसऱ्या हातानं डबा घट्ट धरायचा. हे सगळं दोन-तीन सेकंदांत जमायला हवं, कारण अस्वल तासाला ५० किलोमीटरहून जास्त वेगानं धावतं. सरावासाठी नुसत्या दाबाचे, मिरची नसलेले डबे मिळतात. खरा प्रसंग आला तर अस्वल साधारण नऊ मीटरवर येताच त्याच्या डोक्याच्या जरा खाली नेम धरून दोन-तीन सेकंद सोडा, म्हणजे ढग वर चढतो आणि अस्वल त्यातून आलंच तर नाकाडोळ्यांत जातो. थंडीत डब्यातला दाब कमी होतो आणि फवारा कमी लांब जातो, तेव्हा गारठ्यात डबा अंगरख्याच्या आत ठेवा. एक चूक पुष्कळ जण करतात: डासांच्या औषधासारखा हा फवारा तंबूवर मारून ठेवतात. सुकलेल्या मिरचीच्या वासानं अस्वल उलट हुंगायला येतं.

अस्वल दिसलं पण त्यानं तुम्हाला पाहिलं नाही, तर गुपचूप मागे व्हा. पाहिलं असेल तर थांबा, हलक्या आवाजात बोलत राहा आणि त्याच्यावर नजर ठेवून हळूहळू मागे सरका. पळू नका. झाडावरही चढू नका. काळं अस्वल, ही तिथली दुसरी जात, तुमच्यापेक्षा सरसर चढतं. अंगावर धावून येऊन अगदी जवळ थबकणं ही पुष्कळदा नुसती हूल असते. तेव्हा जागच्या जागी उभं राहणं फार कठीण, पण तेच करायचं.

धडक बसलीच तर अस्वल कोणतं, यावर पुढचं ठरतं. रंगावर जाऊ नका; काळ्या अस्वलांतही तपकिरी असतात. खांद्यावर वशिंडासारखा उंचवटा आणि कपाळाखाली खोलगट चेहरा असेल तर ते ग्रिझली. त्यानं दचकून अंगावर झेप घेतली तर पालथे पडा, पाठपिशवी पाठीवरच राहू द्या, बोटं गुंफून मानेवर ठेवा आणि पाय फाकवा, म्हणजे ते तुम्हाला सहज उलटू शकत नाही. उलटलंच तर लोळत पुन्हा पालथे व्हा. ते गेल्यावरही काही मिनिटं निपचित पडून राहा, कारण हालचाल दिसली तर ते परत येतं. काळ्या अस्वलाशी मात्र नाक आणि डोळ्यांवर घाव घालत झुंजा. रात्री तंबूत घुसणारं किंवा दबा धरून मागे येणारं अस्वल कोणतंही असो, त्याच्याशी झुंजायचंच. ग्रिझलीचा हल्ला लांबतच चालला तरीही तेच.

मुक्काम कराल तेव्हा स्वयंपाक आणि अन्नाचा साठा तंबूपासून शंभर मीटर लांब, तंबूकडून वारा जिकडे वाहतो त्या बाजूला ठेवा. अन्न बंद पत्र्याच्या पेटीत, नाहीतर जमिनीपासून निदान तीन मीटर उंच आणि खोडापासून सव्वा मीटर लांब टांगा. टूथपेस्ट, साबण, रांधताना अंगावर असलेले कपडे, हेही त्यातच.

याच दिवसांत एल्क आणि मूस या मोठ्या हरणांचे नर माजावर येतात. अमेरिकेतल्या यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात एल्कपासून २३ आणि अस्वलापासून ९१ मीटर अंतर ठेवायचा नियम आहे; माजाच्या दिवसांत याहून लांब राहणं बरं. मूसनं कान मागे पाडले, मानेवरचे केस उभारले की समजा, तो येणार. इथे अस्वलाचा नियम उलटा: पळा आणि जाड झाडाच्या आड व्हा.

आणि जंगलाच्या कडेला घर असेल, तर झाडाखाली पडलेली फळं रोज वेचा, कचरा गाडी येईल त्याच सकाळी बाहेर ठेवा, आणि अस्वलं गुहेत जाईपर्यंत पाखरांसाठी टांगलेले दाणे उतरवून ठेवा. अंगणातल्या शेगडीखालचं तेल गळायचं भांडंही पुसून घरात घ्या.